अर्धी तगर

मोठ्या मायच्या घरात सगळ्यात जास्त बोलायची ती बंगई, म्हणजे झोपाळा. ओसरीतल्या तुळईला लोखंडी कड्यांनी टांगलेली, आणि त्यातल्या एका कडीला तेल घालायचं राहून गेलेलं ते कायमचंच. मोठेबाबा शेतातून येऊन तिच्यावर बसले की ती कुरकुरायला लागे आणि ते जेवायला उठले की घरातला आवाज संपे. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि मोठी माय म्हणजे त्यांची बायको. आमच्याकडे काका-काकू कोणी म्हणत नाही. दोघं माणसं चांगली होती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात वाईट वागलेलं माणूस एकच आहे आणि ते मी आहे. पण दोघांना बोलायची सवय उरलेली नव्हती. मोठी माय दिवसभर काही ना काही करत असायची, दाणे पाखडायची, सारवायची, वाळवणं उलटायची, आणि या सगळ्यात तिच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा जपून येई. बाहेर रस्त्यावरून शहाद्याची एसटी गेली की खिडकीच्या काचा थरथरत. ती गाडी मी रोज मोजल्यासारखी ऐकत असे, कारण वडील आले तर त्याच गाडीने येणार होते.

वडील मोलगीच्या पलीकडे डोंगरात शिक्षक होते. आई आणि धाकटा भाऊ त्यांच्याजवळ. तिथली शाळा चौथीला संपायची, म्हणून चौथी झाल्यावर मला पत्र्याच्या पेटीसकट तापीकाठच्या या गावात आणून सोडलं. पेटी उतरवून वडील तासाभरात परतले, कारण शेवटची जीप चुकली असती. डोंगरात मी शेजारच्या भिल्लांच्या मुलींबरोबर वाढले होते आणि त्यांची बोली माझ्या तोंडात घट्ट बसली होती. इथल्या वर्गात मी पहिल्याच दिवशी काहीतरी विचारलं आणि सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत पोरी मागून ओरडायला लागल्या, "पहाडनी उनी, पहाडनी उनी," म्हणजे डोंगरातली आली. मी दोन महिन्यांत इथली अहिराणी शिकले, अगदी त्यांच्यासारखी बोलायला लागले, पण तोवर शाळेत कोणाशी बोलायचं नाही हे माझं ठरून गेलं होतं. मी हट्टी होते. अजूनही आहे, माझ्या सुनेला विचारा.

खायला मात्र त्या घरात काही कमी नव्हतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तिच्यावर मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल, थंडीत भरीत, पावसात डाळीचे गरम फुनके आणि कढी. मोठी माय माझ्या ताटात तिसरी भाकरी न विचारता टाकायची. मी नको म्हटलं तरी टाकायची आणि तशीच पाठ फिरवून चुलीकडे वळायची. मला वाटायचं, हिला माझ्याकडे बघायचंच नसतं. आता मी स्वतः तिच्या वयाची होऊन गेले तेव्हा कळतं की काही माणसांना देताना तोंड दाखवायची लाज वाटते. पण सहावीतल्या मुलीला हे कोण सांगणार. मी भाकरी खायची, ताट घासायची आणि मागच्या अंगणात जाऊन बसायची.

मागच्या अंगणात विहिरीच्या कडेला तगर होती. चांगली माझ्या डोक्याच्या वर गेलेली, पांढऱ्या फुलांची, पान तोडलं की दुधासारखा चीक येणारी. मोठी माय रोज सकाळी आंघोळ करून तिची फुलं तोडायची आणि देवापुढे मांडायची. झाडाला हात लावायचा तो तिनंच, असा अलिखित नियम होता. मी सहावीत गेले त्या वर्षी आषाढ संपता संपता एका दुपारी मी तिच्याखाली बसले होते, तर मांडीवर काळपट हिरव्या गोळ्या पडायला लागल्या. वर बघितलं तर एका फांदीला पानंच नव्हती, नुसत्या काड्या, आणि त्या काडीला माझ्या बोटापेक्षा जाड हिरवा किडा चिकटलेला. शेपटाला छोटं पिवळं शिंग. मी काडीनं डिवचलं तशी त्यानं मान आत ओढली आणि मानेवर दोन निळे डोळे उघडले. डोळे नव्हतेच ते, नुसते ठिपके, पण पांढऱ्या कडांचे आणि माझ्याकडे रोखून बघणारे. मी घाबरून मागे सरकले आणि मग हसले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे सरळ बघितलं होतं, खोटे डोळे करून का होईना.

त्या दिवसापासून शाळेतून आले की दप्तर टाकून मी तगरीखाली. एकूण पाच किडे होते, पण तो पहिला सगळ्यात मोठा आणि माझा. मी त्याच्याशी डोंगरातल्या बोलीत बोलायची. आमच्या ओढ्यातले खेकडे, मोलगीचा बाजार, बाजारच्या दिवशी पहाटे डोक्यावर टोपल्या घेऊन खाली उतरणाऱ्या बायका, माझा भाऊ आता चालायला लागला असेल की नाही, सगळं त्याला सांगितलं. तो खात राहायचा. पानाच्या कडेवरून त्याचं तोंड खालीवर फिरायचं आणि अगदी जवळ कान नेला तर कुरतडण्याचा आवाज यायचा. ऐकून घेणारा कोणीतरी खातोय आणि आपण बोलतोय, यात मला घरच्यासारखं वाटायचं, कारण आईशी मी नेहमी ती भाकरी थापत असतानाच बोलत असे.

आज याच किड्याचा फोटो आमच्या बागवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पावसाळ्यात येतो. नंदुरबारातल्या आमच्या कॉलनीत प्रत्येक फाटकाशी एक तगर आहे, त्यामुळे किडा येणारच. फोटोखाली ठरलेला प्रश्न, ही कोणती कीड आणि काय मारू. मग एकजण निंबोळी अर्क सांगतो, एकजण साबणाचं पाणी, एकजण सरळ औषधाच्या बाटलीचा फोटो टाकतो. कोणाचा तरी कॉलेजातला नातू फोनवर शोधून त्याचं नाव कळवतो की हा कण्हेरीवरचा पतंग, मोठा झाल्यावर फार सुंदर दिसतो, फुलाफुलांवर फिरतो, याला मारू नका. की लगेच बाटलीवाले गृहस्थ विचारतात, सुंदर आहे म्हणून माझं झाड खाऊ देऊ का? दोन दिवस भांडण चालतं. मी प्रत्येक वेळी लांबलचक उत्तर लिहायला घेते आणि पुसून टाकते. मला जे सांगायचंय ते ग्रुपवर सांगण्यासारखं नाही.

तेव्हाही हेच भांडण झालं होतं, फक्त ओसरीत. मोठेबाबा पाठीवरचा पंप घेऊन कपाशीवर फवारणी करून यायचे. पंपाच्या तळाशी थोडं औषध उरायचंच आणि ते ओतून टाकणं जिवावर येई, म्हणून ते घरी येऊन अंगणात जे समोर दिसेल त्यावर मारायचं, ही आमच्याकडची सगळ्यांचीच रीत. वांग्यावर, दोडक्याच्या वेलावर, एकदा तर म्हशीच्या गोठ्याच्या भिंतीवरसुद्धा. त्या संध्याकाळी त्यांना तगरीच्या बोडक्या फांद्या दिसल्या. ते म्हणाले, "पंपमा थोडं औषध उरेल शे. तगरवर मारी टाकसू." मी विहिरीच्या कठड्याशी उभी होते. मोठी माय दारातून म्हणाली, "देवना फुलेस्वर जहर नको." एवढंच म्हणाली आणि आत गेली. मोठेबाबा पंप टेकवून थांबले. बायको महिन्यातून एकदा नको म्हणायची, त्यामुळे तिचं नको मोडायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेतकी साहेब आले. आमच्या भागात हिंडणारे शेतीखात्याचे साहेब होते ते, मोपेडवरून यायचे, चहा घेतल्याशिवाय बोलायचे नाहीत. मोठेबाबांनी त्यांना मागे नेऊन किडा दाखवला. मी मागोमाग. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, पान उलटं केलं, माझा किडा दोन बोटांत धरून उचलला. त्याने निळे डोळे उघडले तसे साहेब खूश झाले. "हा कण्हेरीवरच्या पतंगाचा. कण्हेर, तगर, असल्या चिकाच्या झाडांवरच जगतो. दुसऱ्याला तोंड लावत नाही," असं म्हणून त्यांनी त्याला परत फांदीवर ठेवलं. मग ओसरीत बंगईवर बसून चहा पिताना वाद सुरू झाला. मोठेबाबांचं म्हणणं साधं होतं, पान खातो ना, मग कीड. साहेबांचं म्हणणं, असं नसतं पाटील, खाणारे सगळेच किडे असतात, पण नुकसान एका पातळीच्या वर गेलं तर त्याला कीड म्हणायचं, आणि नुकसान धरायचं ते पिकाचं. तगर काही पीक नाही. ती माझ्या यादीतच नाही.

मोठेबाबा बंगईचा झोका थांबवून म्हणाले, "म्हंजे वावरमा उना तर कीड, आंगनमा ऱ्हायना तर पाव्हना?"

"तसंच समजा," साहेब म्हणाले.

"आनि आंगनमाईन वावरमा गया तवय?"

"तो जाणार नाही. त्याला तुमचा कापूस चालतच नाही."

"आज चालत नही. उद्या चाली. भूक काय यादी देखस का?"

साहेबांना हसू आलं. तेवढ्यात आतून, चुलीपाशी बसलेल्या मोठ्या मायचा आवाज आला. "भूक लागनी म्हंजे खाईच. दुसरं काय करी तो?" दोघा पुरुषांनी आतल्या दाराकडे बघितलं, कारण ती साहेबांसमोर बोलली होती. ती कोणाच्या बाजूनं बोलली हे त्यांना कळलं नाही. मलाही नाही कळलं. मला एवढंच जाणवलं की मीही त्या घरात येऊन खात होते, तिसरी भाकरीसुद्धा, आणि कोणत्या यादीत मी होते ते मला ठाऊक नव्हतं. मोठेबाबा शेवटी म्हणाले की कानबाई होऊ दे, मग बघू.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशातल्या लोकांची श्रावणातली मोठी गोष्ट. नारळाची देवी करून तिला नथ-लुगडं घालून बसवायचं आणि नैवेद्याचे रोट करायचे. रोटाचे गहू घरातल्या पुरुषमाणसांप्रमाणे मोजून घेतात, एकेका माणसाचे मुठीमुठीनं, आणि तो स्वयंपाक फक्त भाऊबंदांनी खायचा. त्या वर्षी देवी आमच्या घरी बसणार होती. मोठ्या मायच्या हालचालीत मला पहिल्यांदाच घाई दिसली. ती भिंती सारवत होती, पितळ चिंचेनं घासत होती आणि दिवसातून तीनदा तगरीच्या कळ्या बघून येत होती, कारण देवीचा गजरा घरच्या फुलांचा करायचा असं तिच्या मनात होतं. तिकडे किडे जोरात खात होते. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. साहेबांनी मला जाताना सांगितलं होतं की हा आता लवकरच कोष करेल आणि त्यातून पतंग निघेल. मला तो पतंग बघायचा होता. खरं सांगायचं तर नुसता बघायचा नव्हता. मला त्या घरातली एक गोष्ट माझी म्हणून शेवटपर्यंत गेलेली बघायची होती.

कानबाईच्या दोन दिवस आधी मला ताक आणायला शेजारच्या सखूबाईकडे पाठवलं. सखूबाईला बोलल्याशिवाय ताक देता येत नसे. ती म्हणाली, तुझी मोठी माय अशी घुमी का, माहीत आहे का तुला? मी मान हलवली. तिनं आवाज खाली आणला. "तिले तीन लेकरे व्हयनात. एक बी जगनं नही." एक चार दिवसांचं, एक दीड महिन्याचं, आणि तिसरं चालायला लागलेलं. त्या तिसऱ्या मुलीला मोठी माय पाठीशी बांधून शेतात न्यायची म्हणे. मी ताकाचा तांब्या घेऊन घरी आले. मोठी माय देव्हारा पुसत होती. तिनं मागे न बघता विचारलं, सांडलं तर नही ना? मी नाही म्हटलं. तिच्या पाठीकडे मी बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात भाऊबंदांतल्या सात-आठ बायका रोटाचे गहू निवडत बसल्या होत्या. मोजणी चालली होती. कोणाच्या घरचे पाच, कोणाच्या घरचे सात, माझ्या वडिलांचे आणि भावाचे मिळून दोघांचे. मोठ्या मायवर आल्यावर एकजण म्हणाली, "तुन्हं एकच ना व?" मोठी माय म्हणाली, "हा, एकच," आणि मोठेबाबांच्या नावाच्या मुठी टोपलीत टाकल्या. मी दप्तर टाकून तगरीकडे गेले. तगरीवर राख होती. चुलीची पांढरी राख, पानांवर, कळ्यांवर, ओली पानं होती तिथे चिकटून बसलेली. किडीवर राख टाकायची हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. माझा किडा त्याच्या फांदीवर नव्हता. खाली बघितलं तर तो जमिनीवर, उघड्या उन्हात, वेड्यासारखा पळत होता. आणि तो हिरवा राहिला नव्हता. पाठ तपकिरी काळी पडली होती, पोट मातकट, भाजलेल्या वांग्याचा रंग. त्याला उचलायला गेले तर तो अंग झटकून पुढे निघाला. मला वाटलं हा भाजला. राखेनं जळला. हा मरतोय.

मी बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. मोठ्या मायसमोर. माझा आवाज एवढा मोठा आहे हे त्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "तू राख टाकी. तू मारी टाकं त्याले." बायका हसायला लागल्या, किड्यासाठी रडते म्हणून. त्या हसल्या नसत्या तर मी कदाचित तिथेच थांबले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. मग मी म्हणाले, "तुन्हा घरमा काहीच जगत नही."

सुपांचा आवाज बंद झाला. मोठ्या मायच्या हातात गव्हाची मूठ होती, ती तशीच राहिली. ती माझ्याकडे बघत होती. त्या घरात आल्यापासून तिनं माझ्या तोंडाकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. कोणीतरी घाईघाईनं म्हणालं, "जाऊ दे व, पोर शे. तिले काय माहीत." सगळ्यांनी तो धागा पकडला, हो हो, तिला काय माहीत, लहान आहे. सखूबाई त्या बायकांतच होती. ती खाली मान घालून गहू चिवडत होती. मला माहीत होतं. कालच माहीत झालं होतं आणि रात्रभर ते माझ्या जवळ होतं, आणि तिला सगळ्यात जास्त लागेल असं हत्यार मला हवं होतं तेव्हा मी तेच उचललं. मोठ्या मायनं मूठ टोपलीत सोडली. "वारा सुटना," ती म्हणाली, "गहू आंदर ल्या." आणि उठून आत गेली.

मी देवळाकडे पळाले आणि संध्याकाळी बायका गेल्यावर परत तगरीपाशी आले. किडा कुठे दिसेना. कावळ्यानं नेला असेल असं धरून मी रडून घेतलं. रडून झाल्यावर झाडाकडे नीट बघितलं. राख फक्त घराकडच्या फांद्यांवर होती, जिथे कळ्या होत्या. विहिरीकडच्या मागच्या फांद्यांवर राखेचा कण नव्हता. उलट राख मागे उडू नये म्हणून मध्ये एक जुनं गोणपाट बांधलं होतं. आणि मागच्या फांद्यांवर उरलेले चारही किडे बसून खात होते. पुढच्या फांद्यांवरून त्यांना कोणीतरी एकेक करून उचलून मागे ठेवलं होतं. तिनं झाड वाटून दिलं होतं, अर्धं देवीला आणि अर्धं त्यांना. मी तिथे किती वेळ उभी होते ते आठवत नाही. आत जाऊन काहीतरी म्हणायला हवं होतं. चुलीपाशी गेलेसुद्धा. तिनं ताटात भाकरी टाकली, दुसरी टाकली, तिसरी टाकली, आणि पाठ फिरवली. मी जेवले आणि झोपले.

रविवारी कानबाई बसली. आई-वडील भावाला घेऊन आले. भाऊ चालत होता, मला ओळखत नव्हता. गंगाफळाची भाजी, पुरण, खीर, सगळं घर वासानं भरलेलं, आणि देवीच्या नारळाला तगरीचा गजरा. वडिलांनी पानावर बसल्या बसल्या विचारलं, वहिनी, पोर त्रास देते का? मी घास तोंडात धरून थांबले. ओळीत बसलेल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मोठी माय खीर वाढत होती. "नही," ती म्हणाली, "घरमा शे का नही तेच समजत नही." वडील हसले. सोमवारी विसर्जन झालं आणि ते तिघं निघाले. एसटी निघताना मी धावले नाही. मला वाटलं, मला न्या असं म्हणायचा माझा हक्क संपला.

मग दोन आठवडे गेले असतील. मी तगरीखाली बसणं सोडलं होतं. शाळा सुटल्यावर देवळाच्या मागे बसायची आणि दिवेलागणीला घरी यायची. अशीच एकदा आले तर मोठी माय ओसरीत उभी होती, माझी वाट बघत. असं ती कधी करत नसे. "ये आठे," म्हणाली. न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात रांजणामागे एक फुटका माठ होता, त्यात कोरडा पाला भरलेला आणि वर चाळणी पालथी घातलेली. त्या दिवशी मी देवळाकडे पळाले होते तेव्हा तिनं किड्याला शोधून यात ठेवलं होतं. गोठ्यातल्या पाल्याखाली असे काळे पडलेले किडे तिनं आयुष्यभर बघितले होते. काळे पडतात, पाल्यात शिरतात, आणि मग पंख घेऊन निघतात. माझ्याकडे शाळेतलं पुस्तक होतं, साहेब होते, तरी मी त्याला मेलेला समजले. तिनं चाळणी उचलली. माठाच्या कडेवर एक पतंग बसला होता, तिच्या तळहाताएवढा. हिरवा, वेगवेगळ्या हिरव्यांचा, विहिरीच्या आतल्या भिंतीवर शेवाळ असतं तसा, आणि मधून गुलाबी-पांढरे पट्टे. त्याचे पंख हलायला लागले. उडाला नाही, नुसता जागेवर थरथरत राहिला, आणि त्या थरथरण्याचा बारीक घुमणारा आवाज न्हाणीघरभर झाला.

"देख," मोठी माय म्हणाली, "जगना."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच माझ्यासाठी खूश झाली होती. मला तेव्हा माफी मागायची होती, शब्द तोंडाशी होते, आणि मी तिच्या पदराला धरून नुसती उभी राहिले. पतंग उठला, एकदा दिव्याभोवती फिरला, आणि उघड्या दारातून विहिरीच्या बाजूला गेला. ती म्हणाली, आता फांद्यांवरची राख धुऊन टाकू. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून धुतली. त्यानंतर मी त्या घरात मॅट्रिकपर्यंत राहिले. बोलणं वाढलं असं काही नाही, पण मी देवळामागे बसायला गेले नाही.

ते वाक्य मात्र तसंच राहिलं. मी नोकरीला लागले, लग्न झालं, मुलं झाली. पहिला मुलगा झाला तेव्हा मोठी माय त्याला बघायला आली आणि दारातच थांबली, बाळाला हात लावू की नको अशी. ते बघून मी आत जाऊन रडले होते. तरी बोलले नाही. मोठेबाबा गेल्यावर मी तिला माझ्याकडे नंदुरबारला आणलं. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघीच घरात होतो, मी तिचे पाय चेपत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हणाले, "मोठी माय, तवय मी ते बोलनी ना, कानबाईना वक्तले. समदा म्हनत व्हतात तिले काय माहीत. माले माहीत व्हतं."

तिनं डोळे उघडले नाहीत. "माले बी माहीत व्हतं," म्हणाली. "तुन्हं तोंड देखं तवयच समजनं."

मी पाय चेपायचं थांबवलं. विचारलं, मग माझ्या वडिलांना का नाही सांगितलंस. ते पानावर बसून विचारत होते, सगळ्या बायका ऐकत होत्या, तू एक शब्द बोलली असतीस तर त्यांनी मला तिथेच मारलं असतं, आणि मला ते हवं होतं.

तिचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं झोपली. मग तिनं माझा थांबलेला हात चाचपडून परत आपल्या पायावर ठेवला.

"सांगती तर तो तुले ली जाता," ती म्हणाली. "मंग मी एखली काय करती?"